जुन्या गाडीचा एसी मध्येच बंद का पडतो? गॅस भरण्याआधी हे तपासा

मे महिन्यातली दुपार, गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागलेली. पहिला तासभर एसी छान चालतो, मग नुसताच वारा. चहाला थांबून पुन्हा निघालं की एसी परत ठणठणीत! दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत हे नेहमीचंच, आणि गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: "गॅस कमी झालाय, भरून टाकू."

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि अर्ध्या तासाच्या थांब्यात गॅस काही परत येत नाही. म्हणून एसी नेमका कधी बंद पडतो, हे आधी पाहायला हवं.

पहिली खूण ब्लोअरच्या हवेची. कूलिंग गेलं तेव्हा हवेचा जोरही कमी झाला असेल, तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमलाय असं समजावं. एसीचं बटण बंद करून ब्लोअर पंधरा मिनिटं चालू ठेवला की गाडीखाली भरपूर पाणी गळतं आणि हवा पूर्ववत येते. कॉइल शून्याच्या जवळ पोहोचली की कंप्रेसर थांबवायचं काम तिथल्या सेन्सरचं. तो बिघडला की बर्फ साचत जातो. धुळीने भरलेला केबिन फिल्टर हे दुसरं कारण. अनेक जुन्या गाड्यांत हा फिल्टरच नसतो, त्यामुळे सगळी धूळ थेट कॉइलवर बसते.

हवेचा जोर तसाच, पण हवा गरम? मग संशय कंप्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचवर. बॉनेट उघडून पाहिलं तर पट्ट्याची पुली सतत फिरताना दिसते. पुढची चकती मात्र एसी सुरू झाल्यावरच "टक" आवाज करून पुलीला चिकटते आणि फिरू लागते. या दोन्हींमधली फट बहुतेक गाड्यांत साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. झिजून ती वाढते. इंजिन तापलं की क्लचच्या तारेचा रोध वाढतो, चुंबक कमजोर पडतं आणि मोठी झालेली फट ओलांडून चकतीला खेचू शकत नाही. थंड झालं की पुन्हा खेचतं. चहाच्या थांब्याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. आतली एक पातळ वॉशर काढून फट कमी करता येते, म्हणजे प्रत्येक वेळी नवा कंप्रेसर लागतोच असं नाही. क्लचपर्यंत १२ व्होल्टच पोहोचत नसतील, तर दोष रिले, वायरिंग किंवा प्रेशर स्विचकडे शोधावा. ही तपासणी बिघाड झालेला असतानाच करावी लागते. गॅरेजला पोहोचेपर्यंत गाडी गार झाली की काहीच सापडत नाही. इंजिन चालू असताना हात, ओढणी, बाही पट्ट्यापासून लांब ठेवावी. पंखाही अचानक सुरू होतो.

हायवेवर गार आणि सिग्नलला गरम, असं असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहावा. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर काही सेकंद एसी कट होणं मात्र बिघाड नाही. इंजिनाला ताकद मिळावी म्हणून अनेक लहान गाड्यांत तशी सोयच असते.

कंप्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर गॅस खरंच कमी असू शकतो. सांध्यांवर तेलकट डाग दिसले तर गळती तिथेच असण्याची शक्यता जास्त. ती आधी बंद करावी, मग व्हॅक्यूम करून हवा आणि ओलावा काढावा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस वजन करून भरावा. इंजिन बंद असताना नुसता गेज पाहून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नये. आर-१३४ए चा दाब ३० अंशांना १०० पीएसआयच्या जवळपास दिसतो, मग आत द्रवरूप गॅस भरपूर असो की थोडासाच.

गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरतं. गॅस कमी असताना महिनोन्महिने एसी चालवला तर तेल परत पोहोचत नाही, कंप्रेसर आतून घासून जाम होतो आणि धातूचा चुरा नळ्यांत पसरतो. मग कंप्रेसरसोबत रिसीव्हर-ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावे लागतात, अनेकदा कंडेन्सरसुद्धा.