सातव्या पर्वाची उधारी

मंडळी, आवडती मालिका शेवटच्या वर्षी बिघडली की प्रेक्षक आधी गुन्हेगार शोधायला निघतात, आणि तो बहुतेक वेळा शेवटी आलेला माणूस असतो. अमेरिकेतल्या 'गिलमोर गर्ल्स'चं असंच झालं. २००० ते २००७ अशी सात वर्षं चाललेली ही मालिका. तिची आधीची पर्वं लोकांनी डोक्यावर घेतली आणि सातव्याला नावं ठेवली. ती नावं ठेवणं आजही थांबलेलं नाही. आता मी पडले इतिहासाची शिक्षिका. शेवटी गादीवर कोण होतं एवढ्यावरून राज्य कोणी घालवलं ते ठरवू नये, असं वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. (दुसऱ्या बाजीरावाबद्दलचं माझं मत मात्र बदलणार नाही!)

मी ही मालिका पाहिली ती न्यू जर्सीत राहणाऱ्या नातीच्या आग्रहामुळे. एकशे त्रेपन्न भाग, खाली इंग्रजी अक्षरं लावून. कारण त्यातली माणसं भरधाव गाडीसारखी बोलतात. एरवी तासाभराच्या मालिकेची संहिता पन्नासेक पानांची असते, हिची ऐंशीच्या घरात जायची म्हणे. वेळ तेवढाच, मग बोलणं दुप्पट वेगानं! पहिले दहा भाग मी नुसती अक्षरांमागे धावत होते. नंतर गोडी लागली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोरेलाय ही कनेटिकटमधल्या श्रीमंत घरातली मुलगी. सोळाव्या वर्षी तिला मूल होतं. लग्नाला नकार देऊन ती मुलीला घेऊन घर सोडते, स्टार्स हॉलो नावाच्या (काल्पनिक) गावात एका हॉटेलात मोलकरीण म्हणून लागते आणि पुढे त्याच हॉटेलची व्यवस्थापक होते. मालिका सुरू होते तेव्हा मुलगी, रोरी, स्वतः सोळाची होत आलेली आहे. तिला एका महागड्या खासगी शाळेत प्रवेश मिळालाय आणि फीला पैसे नाहीत. मग लोरेलाय मान खाली घालून आईवडिलांकडे कर्ज मागायला जाते. आई एमिली कर्ज देते, पण अट घालते : दर शुक्रवारी दोघींनी रात्री जेवायला यायचं. सगळी मालिका या एका अटीवर उभी आहे. पैशाच्या व्यवहाराआडून आई मुलीला परत मिळवू बघते, आणि दोघींपैकी एकही तसं तोंडाने म्हणत नाही. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको.

या मालिकेचा जन्मही गमतीदार आहे. आईवडील आणि मुलं एकत्र बसून बघू शकतील अशा मालिका निघाव्यात म्हणून काही बड्या जाहिरातदारांनी संहिता लिहून घेण्यासाठी एक निधी उभारला होता. त्या पैशातून निघालेली ही पहिली मालिका. लिहिणाऱ्या होत्या एमी शर्मन-पॅलाडिनो, आणि जोडीला त्यांचे पती डॅनियल. ५ ऑक्टोबर २००० रोजी 'डब्ल्यूबी' या वाहिनीवर पहिला भाग झाला. त्यानंतर मालिकेचा ठसका, तिरकसपणा, वेग, सगळं या बाईंचं. सहा वर्षं त्यांचा एकछत्री कारभार होता म्हणा ना.

आता मुद्द्यावर येते. घसरण नेमकी कुठे सुरू झाली?

माझ्या मते सहाव्या पर्वात, म्हणजे बाई स्वतः असतानाच. आधी त्यांनी रोरीला येल विद्यापीठाबाहेर ठेवलं आणि मायलेकींचा अबोला कितीतरी भाग चालवला. ज्या दोघींचं बोलणं ऐकायला लोक येतात त्यांनाच गप्प केलं! तेही एक वेळ चाललं असतं. पण नोव्हेंबर २००५ मध्ये एप्रिल आली. ल्यूक म्हणजे गावातल्या खाणावळीचा मालक. पहिल्या भागापासून लोरेलायला कॉफी पाजणारा, आणि आता तिचा वाग्दत्त वर. एके दिवशी बारा वर्षांची एक मुलगी त्याच्या दारात उभी राहते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला त्याचा एक केस हवा असतो. तिच्या आईच्या ओळखीचे तीन पुरुष, त्यांतला आपला बाप कोण, हाच तिच्या प्रकल्पाचा विषय! निकाल लागतो : ल्यूक. आणि हा सरळमार्गी माणूस ही गोष्ट लोरेलायपासून दोन महिने लपवून ठेवतो. लग्नाची तारीख, ३ जून, पुढे ढकलली जाते. पर्वाच्या शेवटच्या भागात (९ मे २००६) लोरेलाय त्याला 'आत्ता नाहीतर कधीच नाही' असं सांगते, तो गोंधळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोरीच्या वडिलांच्या, क्रिस्टोफरच्या, बिछान्यात जागी होते.

हा भाग पॅलाडिनोबाईंचा शेवटचा. एवढं करून त्या निघून गेल्या.

का गेल्या? कराराचं जमलं नाही. त्यांना एकाहून अधिक वर्षांची हमी आणि लिहिण्यासाठी जास्त माणसं हवी होती, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. वेळही वाईट होती. जानेवारी २००६ मध्येच जाहीर झालं होतं की 'डब्ल्यूबी' आणि 'यूपीएन' या दोन्ही वाहिन्या बंद होऊन 'सीडब्ल्यू' नावाची एकच नवी वाहिनी निघणार. दोन घरं मोडून एक घर करताना भांडी कुठली ठेवायची आणि कुठली मोडीत काढायची याचा हिशेब चालतो, तसं ते वर्ष. त्यात सातव्या वर्षाअखेर दोन्ही नायिकांचे करार संपत होते. मालिका पुढे आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

सातवं पर्व डेव्हिड रोझेंथल यांच्या हाती आलं. वर्षभरापूर्वीच लेखकांत दाखल झालेले गृहस्थ. दुकान ताब्यात मिळालं, आणि सोबत उधारीची वहीसुद्धा.

यानंतर जे झालं त्यावर प्रेक्षक चिडले, आणि त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. संवाद संथ झाले. पूर्वी थट्टेत पुस्तकांचे नि सिनेमांचे संदर्भ सहज यायचे, आता ते चिकटवल्यासारखे वाटायला लागले. लोरेलाय पॅरिसला जाऊन क्रिस्टोफरशी लग्न करते ते तर कुणालाच पटलं नाही. मलाही नाही. लेन या रोरीच्या मैत्रिणीला लग्नाबरोबर जुळ्यांचं ओझं दिलं, त्या मुलीचं ढोल वाजवण्याचं वेड बाजूला पडलं. याचा राग मला अजून आहे.

पण मंडळी, मध्येच सोडलेला वर्ग हाती घेणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. एकदा डिसेंबरात नववीचा वर्ग माझ्याकडे आला. आधीच्या बाई मुलांच्या फार लाडक्या, यजमानांची बदली झाली म्हणून गेल्या. जाताना फ्रेंच राज्यक्रांती अर्ध्यावर होती, सोळावा लुई तुरुंगात होता. त्याला गिलोटिनवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी काहीही केलं तरी मागच्या बाकावरून आवाज यायचा, "त्या बाई असं नव्हत्या शिकवत." खरंच नव्हत्या! त्यांच्यासारखं करायला जावं तर नक्कल होते, आपल्यासारखं करावं तर परकं वाटतं.

बाणभट्टाची 'कादंबरी'सुद्धा अशीच. बाण ती अपुरी ठेवून गेला आणि मुलानं, भूषणभट्टानं, पुरी केली. मुलानं सुरुवातीलाच सांगून टाकलंय की कवित्वाचा गर्व म्हणून हे करत नाही, कथा अपुरी राहिल्याचं लोकांना दुःख होतं म्हणून करतो. पंडितांनी उत्तरार्ध कमी प्रतीचा ठरवला, आणि असेलही. पण त्याच्यामुळे चंद्रापीड आणि कादंबरी यांचं मीलन झालं. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत नॉव्हेलला कादंबरी म्हणतो, त्याचा शेवट मूळ लेखकाचा नाही, हे किती जणांच्या लक्षात असतं?

रोझेंथल यांना तर मूळ लेखिका जिवंत असताना हे करायचं होतं. क्रिस्टोफरचं प्रकरण त्यांना वारशात मिळालेलं, ते कुठेतरी नेऊन संपवणं भाग होतं. त्यांनी ते संपवलं एका पत्रानं. एप्रिलचा ताबा मिळवायला ल्यूकला न्यायालयात जावं लागतं आणि तो लोरेलायला विनंती करतो, माझ्याबद्दल न्यायाधीशांना दोन शब्द लिहून दे. ती लिहिते. ते पत्र क्रिस्टोफरच्या हाती पडतं, आणि बायकोच्या मनात कोण आहे ते नवऱ्याला कळतं. आरडाओरडा नाही, योगायोगांची रास नाही. लोक ज्याला पडेल पर्व म्हणतात त्यातला हा तुकडा मला पहिल्या तीन पर्वांच्या तोडीचा वाटतो. ज्या एप्रिलमुळे सगळं मोडलं, तिच्याच निमित्तानं ते जुळायला लागलं.

३ मे २००७ ला जाहीर झालं की मालिका संपली. शेवटचा भाग १५ मेला. म्हणजे तो लिहिला आणि चित्रित केला तेव्हा हाच शेवट असं छातीठोक सांगता येत नव्हतं. त्यात रोरीला एका इंटरनेट नियतकालिकातर्फे बराक ओबामांच्या प्रचारदौऱ्यावर वार्ताहर म्हणून काम मिळतं. ओबामांनी उमेदवारी जाहीर करून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते! लेखकांनी टाकलेला हा फासा इतिहासानं वर्षा-दीडवर्षात खरा केला. गावकरी रोरीला निरोप द्यायला जमतात. पावसाचं चिन्ह असतं, तर ल्यूक रात्रभर जागून ताडपत्र्या, तंबू, रेनकोट शिवून सगळ्या चौकावर मावेल एवढं छत करतो. कुणासाठी ते लोरेलायला कळतं.

पॅलाडिनोबाईंच्या मनात शेवटचे चार शब्द पहिल्यापासून ठरलेले होते आणि जाताना त्या ते घेऊन गेल्या. चाहते नऊ वर्षं त्या चार शब्दांची वाट बघत राहिले. २५ नोव्हेंबर २०१६ ला नेटफ्लिक्सनं चार लांब भाग आणले, लिहिणारे पुन्हा तेच पतिपत्नी. शेवटी चौकातल्या मंडपाच्या पायरीवर बसून रोरी आईला सांगते की तिला दिवस गेले आहेत. वर्तुळ पूर्ण. पण २००७ मध्ये रोरी बावीसची होती, २०१६ मध्ये बत्तीसची. बावीसच्या मुलीच्या तोंडून हे ऐकताना आईच्या काळजाचा ठोका चुकला असता. बत्तीसच्या बाईचं तसं काय! शब्द तेच राहिले, त्यांचं वय उलटून गेलं. त्या नव्या भागांवरही लोक नाराज झाले. तेव्हा मात्र बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं.

(नव्या भागांत एमिलीचं वैधव्य फार सुंदर आहे, तेवढं सांगायलाच हवं. रिचर्डचं काम करणारे एडवर्ड हर्मन ३१ डिसेंबर २०१४ ला गेले होते.)

सातव्या पर्वाच्या अखेरच्या भागातली एक गोष्ट फारसं कुणी काढत नाही. नात शिकून मोकळी झाली, शाळेचं कर्ज केव्हाच फिटलं, आता शुक्रवारच्या जेवणाला कारण उरलं नाही, हे एमिलीला कळलेलं असतं. म्हणून ती लोरेलायच्या हॉटेलाला स्पा जोडावा, टेनिसचं मैदान करावं, पैसे मी देते, असं घाईघाईनं बोलायला लागते. पुन्हा तेच, कर्जाचं निमित्त. लोरेलाय तिला थांबवते आणि सांगते की मला या शुक्रवारच्या जेवणांची सवय झाली आहे. मी येत जाईन.