पहिला पैसा ओळखीचा: कुंडल रोड ते स्लायगो



धंदा काढायचा तर कुठल्या गावात, हा विषय सध्या आमच्या घरी रोज जेवताना निघतो. मी आणि बायको, दोघंही इथे स्लायगोत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत नोकरीला. आता त्याच कारखान्यांना लागणारी तपासणीची साधनं स्वतः बनवायचं मनात आहे. सगळे एकच सांगतात, "डब्लिनला जा, नाहीतर सरळ लंडन. फंडिंग तिथे, ओळखी तिथे." सल्ला खोटा नाही, पण जुनी उदाहरणं बघितली की अर्धाच वाटतो.

आधी आपलं घरचं उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. म्हणजे मोठ्या भांडवलाच्या शहरात. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि गाठलं बेळगाव! तिथे सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक मिळायलाच दोनेक वर्षं गेली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. जरा बस्तान बसतंय तोवर नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं.

त्या वेळी मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी संस्थानातल्या कुंडलजवळची जमीन दिली आणि वर बिनव्याजी कर्ज. 1910 साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. आता सांगा, फंडिंगसाठी ही जागा कोण निवडेल? पण दोन गोष्टी तिथे होत्या. एक, पैसे देणाऱ्याचा माणसावर विश्वास होता. दुसरी, कुंडल रोड हे रेल्वे स्टेशन शेजारीच होतं. कच्चा माल आणायला आणि नांगर पाठवायला तेच त्यांचं नेटवर्क! आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक, म्हणजे दख्खनचा शेतकरी, त्याच मुलखात होता.

एका ओळखीतून दुसरी निघते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. 1920 साली कंपनी लिमिटेड झाली आणि लोकांचं भांडवल आत आलं. म्हणजे परक्यांचा पैसा दहा वर्षांनी आला, नांगर विकले जातात हे सिद्ध झाल्यावर.

आता स्लायगोकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात हे भरभराटीचं बंदर होतं. 1830च्या दशकात विल्यम पोलेक्सफेन नावाचा डेव्हनचा खलाशी इथे आला, तो नात्यातल्या एका विधवा बाईंच्या मदतीला. त्यांच्याच मुलीशी त्याचं लग्न झालं आणि मिडलटन-पोलेक्सफेन अशी भागीदारी जमली. बॅलिसोडेअरला गिरण्या झाल्या, लिव्हरपूलकडे जाणाऱ्या बोटी झाल्या. कवी डब्ल्यू. बी. येट्स हा याच विल्यमचा नातू. इथेही तेच दिसतं: पैसा ओळखीचा, आणि बंदरामुळे बाजार दाराशी. औंधला राजाश्रय, इथे सोयरीक, एवढाच काय तो फरक.

उलटं उदाहरणही प्रामाणिकपणे द्यायला हवं. टिपररीच्या पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या भावांनी 2007 साली लिमरिकला कंपनी काढली. सरकारी पैसा मिळाला नाही. कॅलिफोर्नियाच्या वाय कॉम्बिनेटरने रस दाखवला आणि ते तिकडे गेले. 2008 मध्ये ती कंपनी विकली, पुढे स्ट्राइप उभी केली. त्यांचं बरोबरच होतं. त्यांचं काम समजणारी माणसं आणि त्यांची गिऱ्हाइकं, दोन्ही तिकडेच होती. पुढे लागणारा प्रचंड पैसाही लिमरिकमध्ये उभा राहिला नसता.

म्हणून मला वाटतं, शहर मोठं की लहान हा प्रश्नच नाही. विचारायचं ते असं: माझं काम डोळ्यांनी बघून पहिला पैसा देणारं इथे कोण आहे? पहिली दहा गिऱ्हाइकं किती लांब आहेत? आणि दुसरा, मोठा पैसा लागेलच का, लागला तर केव्हा?

आमची उत्तरं स्लायगोच्या बाजूने झुकतात. लोकल एंटरप्राइज ऑफिस लहान धंद्यांना सुरुवातीचं अनुदान देतं. वेस्टर्न डेव्हलपमेंट कमिशनचा गुंतवणूक निधी खास पश्चिमेकडच्या सात काउंट्यांसाठी आहे. जुनं आयटी स्लायगो 2022 पासून अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत आहे आणि तिथे नव्या कंपन्यांना जागा मिळते. आमची गिऱ्हाइकं आजूबाजूलाच आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांनी आमचं काम पाहिलेलं आहे. डब्लिनला ओळख नसलेल्या शंभर जणांना भेटण्यापेक्षा इथले ओळखीचे पाच मला जास्त मोलाचे वाटतात.

सॉफ्टवेअरवाल्यांचा हिशोब वेगळा निघेल. त्यांनी खुशाल बॅग भरावी. आम्ही शेड इथेच घेतोय. मीटिंगांसाठी डब्लिनची गाडी आहेच, तीन तासांची. लक्ष्मणरावांनाही स्टेशन पुरलं होतं!

आपला,
एक स्लायगोकर