चुणीचें वर्तुळ व बटवा

पेशवे दप्तरांतील कागद ज्या फडक्यांत बांधीत त्यास रुमाल म्हणत, व पुढें रुमाल हीच दप्तर मोजण्याची संज्ञा झाली. कागद आपण वाचतों. फडक्याकडे लक्ष सहसा जात नाहीं. अशाच एका दुर्लक्षित कापडी वस्तूचा विचार प्रस्तुत टिपणांत आम्हीं योजिला आहे.

शिवण शिकणाऱ्या मुलीस प्रथम देण्याजोगें काम म्हणजे चुणीचें वर्तुळ. ४ इंच व्यासाच्या गोल चिंधीचा काठ पाव इंच मुडपिला म्हणजे व्यास ३॥ इंच उरतो. मुडपीवरून धांवदोरा घालून आवळिला असतां काठ मध्यावर येतो व सुमारें १॥। इंचाची दुपदरी चकती होते. टांके बारीक असल्यास चुण्या पुष्कळ पडून मधलें भोंक मोठें राहतें; लांब टांक्यांनीं तें मिटतें. नवशिकी मुलगी सुबकपणासाठीं बारीक टांके घालते आणि फसते.

अशा चकतीस इंग्लंडांत सफोक पफ व अमेरिकेंत यो-यो म्हणतात. यो-यो हें खेळणें अमेरिकेंत १९२८ नंतर लोकप्रिय झालें. परंतु नांवाचा काळ तो कृतीचा काळ नव्हे. आपला साधा बटवा पाहावा : गोल कापडाच्या काठांत दोरी ओवून आवळिली कीं बटवा, तोच चपटा केला कीं चकती. चंची निराळी, ती कप्प्यांची व घडीची. बटव्यावरूनच चकती निघाली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. एकच युक्ति दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचूं शकते. निर्णयास जुने नमुने पाहिजेत.

ते दुर्मिळ कां? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं गांवें ज्या साष्टींत मोडतात ती १७३९ पर्यंत पोर्तुगेजांकडून मराठ्यांकडे आली व १७७४ त इंग्रजांनीं घेतली. या सत्तांतरांचे कागद आहेत. पण जुनें लुगडें गोधडींत गेलें, उरलेलें बोहारणीनें भांड्याच्या मोबदल्यांत नेलें. आतां तेथील जुनीं घरें पाडून इमारती उठत असतां पोथी संग्राहकाकडे जाते व बासन केरांत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, पोथीबरोबर तिचें बासन व पेटींतील बटवाही घ्यावा. माप, इंचांतील टांके, दोऱ्याचा प्रकार आणि त्या घरच्या वृद्ध स्त्रीनें सांगितलेलें वस्तूचें नांव त्याच दिवशीं टिपून ठेवावें.