नाव भावाचे, भिंती बहिणीच्या

दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी मांसाच्या भट्टीची गोष्ट कशाला, असा प्रश्न आमच्या घरातच विचारून झाला. पण ही भट्टी एका भावाची आणि एका बहिणीची आहे, आणि भाऊबीज जवळ आली की मला तिची आठवण होते.

माझा पुतण्या टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी नोकरीला असतो. शाळेला सुटी लागल्यावर त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. एका शनिवारी त्याने गाडी दक्षिणेला काढली. तीसेक मैलांवर लॉकहार्ट नावाचे गाव आहे. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, मध्यभागी 1894 सालची डौलदार कचेरी. या गावाला टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने 1999 साली रीतसर ठराव करून राज्याची बार्बेक्यूची राजधानी ठरवले. मांस तासन्‌तास धुरावर आणि धगीवर शिजवत ठेवायचे, यालाच तिकडे बार्बेक्यू म्हणतात.

वाटेत मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेची जमीन काळीभोर, उन्हाने भेगाळलेली. थेट आमचे वऱ्हाड! हीही कापसाचीच जमीन. 1861 ते 1865 या यादवीच्या काळात अमेरिकेचा कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मॅट्रिकला इतिहासाच्या पुस्तकात एवढेच वाचले होते. त्यांचा कापूस वेचणारी माणसे जेवत काय होती, हे मात्र त्यात नव्हते.

ते इथे कळले. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन मंडळी येऊन वसली. त्यांच्यातले खाटीक मांस विकत, आणि बर्फाची सोय नसल्याने उरलेसुरले धुरावर धरत. तुकड्यांचे सॉसेज भरत. शेतावरचा मजूर येई, कागदात बांधलेले गरम मांस घेई, त्याच दुकानातली खारी बिस्किटे आणि कांदा घेई आणि तिथेच खाई. ताटली नाही, काटा नाही, वरून घ्यायला सॉस नाही. पुढे ही गरिबाची सोयच या दुकानांची प्रतिष्ठा झाली!

चार्ल्स क्राइट्स या गृहस्थाने असे दुकान 1900 साली लॉकहार्टला सुरू केले. 1924 मध्ये त्याची विटांची इमारत उभी राहिली. या दुकानात एडगर श्मिट नावाचा पोरगा कामाला लागला. सगळे त्याला स्मिटी म्हणत. पोऱ्याचा गडी झाला आणि 1948 साली गड्याचा मालक! दुकान त्याने विकत घेतले, पण पाटीवर क्राइट्सचेच नाव राहू दिले. आमच्याकडे असे क्वचितच घडते. नवा मालक पहिल्या दिवशी रंगाऱ्याला बोलावतो.

1984 साली स्मिटीने धंदा रिक आणि डॉन या मुलांना विकला. 1990 मध्ये तो वारला आणि इमारत मुलीला, नीनाला, मिळाली. धंदा भावांचा, भिंती बहिणीच्या. बापाला ही वाटणी न्याय्य वाटली असणार, आणि कागदावर ती आहेही. परंतु भट्टी भिंतीत चिणलेली असते, आणि धंदा भट्टीत. पुढे डॉन निवृत्त झाला. 1999 साली भाडेपट्ट्याची मुदत सरताना रिकचे आणि नीनाचे जमेना. अखेर रिक निघाला. गावाच्या दुसऱ्या अंगाला त्याने नवी प्रचंड इमारत बांधली, आणि जाताना जुन्या भट्टीतले निखारे लोखंडी टबात भरून भर रस्त्याने ओढत नेले. त्यांवर नवी भट्टी पेटवली. घर बदलताना देवघरातली समई जपून न्यावी, तसेच हे.

नीनाने जुन्या जागेत आपले दुकान उघडले, आणि नाव दिले 'स्मिटीज'.

मला या गोष्टीत सर्वांत नवल याचे वाटते. शंभर वर्षांचे नाव भाऊ घेऊन गेला, पण ते त्यांच्या बापाचे नव्हतेच. बापाचे नाव पाटीवर चढवले ते मुलीने.

आम्ही दोन्हीकडे जेवलो. गोमांस मी खात नाही. तिथे ते मुख्य, म्हणून माझे मत अर्ध्या किमतीचे समजावे. डुकराची चाप दोन्हीकडे घेतली. क्राइट्सची अधिक रसाळ, मिरपूड नेमकी. जागा मात्र एखाद्या जिनिंग कारखान्यासारखी ऐसपैस. स्मिटीजमध्ये मागच्या दाराने शिरलो, तर भट्टीच्या तोंडाशी ओकची लाकडे जमिनीवरच जळत होती. पायाला धग लागली आणि सौ.ने पदर सावरला. भिंती धुराने काळ्या. एके काळी इथे मेजाला सुऱ्या साखळीने बांधलेल्या असत, गिऱ्हाइकाने पळवू नयेत म्हणून. पुन्हा जायचे झाले, तर मी खायला भावाकडे जाईन आणि बसायला बहिणीकडे.

परतताना गाडीत मी फारसा बोललो नाही. 2005 च्या कायद्याने लेकीला लेकाइतकाच हक्क दिला, हे मीच वर्गात शिकवतो. तरी वडील गेले त्या वर्षी मी ताईपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही. निबंधकाच्या कचेरीत तिने सही केली आणि दुपारच्या एस.टी.ने ती परत गेली. घर माझे, चार एकर काळी माझी.

गेल्या भाऊबीजेला ती आली, तेव्हा ओवाळण्याआधी तिला लॉकहार्टची ही हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"इमारत तिच्याच नावावर राहिली म्हणायची?"

"हो."

"आणि भावाशी तिनं भाड्याचा करार मांडला?"

"मांडला."

ताईने निरांजनातली वात पुढे सारली आणि म्हणाली, "बस पाटावर. तेल संपतंय."