शालेय कर्जरोख्यांचे मतदान आणि प्रचारनिधीचा हिशेब : कॅलिफोर्नियातील अनुभवाचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळांच्या इमारतींसाठी शालेय जिल्हे कर्जरोखे काढतात. त्यांची परतफेड स्थानिक मालमत्ताकरातून होत असल्याने मतदारांची संमती घ्यावी लागते. या मतदानाच्या प्रचाराला पैसा कोण पुरवितो आणि त्याचा हिशेब जनतेसमोर कसा येतो, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ताकरावर १ टक्क्याची मर्यादा घातली आणि नव्या स्थानिक कर्जरोख्यांचा मार्ग खुंटला. १९८६ च्या प्रस्ताव ४६ ने तो दोन-तृतीयांश बहुमताच्या अटीवर पुन्हा खुला केला. मार्च २००० मध्ये साधे बहुमत पुरेसे मानणारा प्रस्ताव २६ मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये मात्र प्रस्ताव ३९ संमत होऊन ५५ टक्के मतांची वाट मोकळी झाली. त्याबदल्यात कामांची यादी, वार्षिक लेखापरीक्षण व नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक झाली. ही बंधने रोख्यांच्या रकमेवर होती; प्रचाराच्या पैशावर नव्हती.

प्रचारनिधी व त्याची नोंद :
‘स्टॅन्सन विरुद्ध मॉट’ (१९७६) या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक पैसा प्रचारासाठी वापरण्यास मनाई केली. साहजिकच प्रचाराचा भार खाजगी समित्यांवर आला. पालक व शिक्षकांबरोबरच वास्तुविशारद, बांधकाम कंत्राटदार आणि रोख्यांची विक्री करणाऱ्या वित्तसंस्थाही देणगीदार बनल्या. १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्यानुसार १०० डॉलर वा अधिक देणाऱ्याचा तपशील समितीला जाहीर करावा लागतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रस्तावांवरील प्रचारसमित्यांच्या देणग्यांवर बर्कले शहराने घातलेली २५० डॉलरची मर्यादा घटनाबाह्य ठरविली. देणगीला मर्यादा नाही म्हटल्यावर हिशेबाची जाहीर नोंद हेच मतदाराच्या हातातील मुख्य साधन उरले.

नोंदीची मर्यादा :
हा हिशेब देणगीदाराचे नाव सांगतो. त्याला पुढे मिळालेले कंत्राट सांगत नाही. देणगीची नोंद निवडणूक कार्यालयात, तर कंत्राटाची नोंद शालेय मंडळाच्या दप्तरात असते. १९९४ च्या जी-३७ या संघराज्यीय नियमाने, अधिकाऱ्यांना देणगी देणाऱ्या रोखेविक्रेत्यांवर दोन वर्षांची व्यवसायबंदी आणली. तथापि रोख्यांच्या प्रचारसमित्यांना दिलेल्या देणग्या या बंदीबाहेर राहिल्या. २०१० पासून त्या केवळ जाहीर कराव्या लागतात. २०१६ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी, रोखेविक्रीच्या कामाच्या हमीवर वित्तसंस्थेकडून निवडणूकपूर्व प्रचारसेवा घेणे बेकायदेशीर असल्याचे मत दिले.

निष्कर्ष :
यावरून असे दिसते की, पारदर्शकता हे मर्यादेला पर्याय म्हणून स्वीकारले गेले, परंतु तिची व्याप्ती मतदानापुरतीच राहिली. कर्जाचा बोजा मात्र करदाते पुढे कित्येक वर्षे वाहतात. देणगी व कंत्राट यांची नोंद एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी आली, तरच प्रचारनिधीचा हिशेब खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे म्हणता येईल.