परमुलखातले घर आणि खासगीचा हिशेब

घर पाहावे बांधून, असे आपली म्हण सांगते. बांधलेले घर दूर देशी राहून राखून पाहावे, असे मात्र ती सांगत नाही. वकिलीच्या धंद्यात वीस वर्षे घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, बांधण्याच्या मानाने राखण्याचेच काम अधिक कठीण. आमच्या इंदुरात हा प्रश्न नवा नव्हे. शिंदे-होळकरांच्या मागोमाग जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांपैकी बहुतेक परत गेली नाहीत. तथापि मागे राहिलेले घरही त्यांनी सोडले नाही. कोणाचे घर राजापूरकडे, कोणाचे वाईला, कोणाचे पैठणास. दरसाल तेथे पैसे पाठवावयाचे, कौले चाळून घ्यावयाची, भाऊबंदांची पत्रे वाचून उसासे टाकावयाचे आणि जन्मात दोन-तीनदा कुलदैवताच्या निमित्ताने जाऊन स्वतःच्याच घरी चार दिवस पाहुण्यासारखे राहावयाचे, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

गेल्या उन्हाळ्यात असेच एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. बरोबर एक लोखंडी पेटी. पेटीत चाळीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, मनीऑर्डरींचे तुकडे आणि कोकणातल्या चुलतभावाची पत्रे, सालवार दोऱ्याने बांधून ठेवलेली. चुलतभाऊ वारला, आता त्याच्या मुलाने ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर एकट्याचे नाव लावून घेतले आहे, असे त्यांस कळले होते. "वकीलसाहेब, घर माझे आहे की नाही, एवढेच सांगा," ते म्हणाले.

मी त्यांस कायदा सांगितला. घरपट्टीच्या दप्तरातील नोंद ही कर वसूल करण्यापुरती असते. तिने मालकी येत नाही आणि जातही नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा समजतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मर्यादा आहे खरी, परंतु ती मोजावयाची तुमचा हक्क त्याने उघडपणे नाकारला त्या दिवसापासून. नुसते तेथे राहिल्याने नव्हे. तेव्हा काका, कायदा तुमच्या बाजूचा आहे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळे ठीक. पण चार वर्षे शाकारणी झालेली नाही. ती कायदा करतो का?"

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे काही दिवस तो मनात घोळत राहिला, आणि शोधू गेलो तेव्हा त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच शहराच्या इतिहासात, होळकरांच्या खासगीत, सापडले.

खासगी म्हणजे काय, हे आज पुष्कळांस सांगावे लागते. होळकरांच्या राज्यात दौलत निराळी आणि खासगी निराळी. दौलतीचे उत्पन्न राज्यकारभाराचे, फौजेचे. खासगीचे उत्पन्न राणीचे. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांकडून सुभेदार मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस ही खासगी जहागीर मिळाली, आणि त्यांच्या मागून ती त्यांच्या सून अहिल्याबाईंकडे आली. राज्याच्या तिजोरीस हात न लावता या खासगीतून बाईंनी जे उभे केले, त्याचा विस्तार डोळ्यांपुढे आणला म्हणजे मती गुंग होते. काशीचे विश्वेश्वराचे देवालय, गयेचे विष्णुपद, सोमनाथचे नवे मंदिर, हरिद्वारचा कुशावर्त घाट, वेरूळचे घृष्णेश्वर. शिवाय पंढरपूर, नाशिक, रामेश्वर, पुष्कर, अयोध्या अशा कितीतरी ठिकाणची देवळे, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या मिळकतीविषयी मात्र, मालकाच्या व व्यवस्थापकाच्या नजरेतून, फारसे कोणी लिहिलेले नाही. आणि वकिलाच्या डोळ्यास प्रथम दिसते ते हेच.

बाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वरी राहून राज्य केले. यातील बहुतेक स्थळे त्यांच्या अंमलाबाहेरची होती. बंगाल-बिहारची दिवाणी १७६५ मध्येच इंग्रजांच्या कंपनीकडे गेली होती, म्हणून गया परकी. काशी १७७५ मध्ये कंपनीच्या ताब्यात गेली; विश्वेश्वराचे देवालय त्यानंतर, १७८० च्या सुमारास पुरे झाले. केदारनाथ गढवाळच्या राजाकडे, सोमनाथ आणि रामेश्वर आणखी निराळ्यांकडे. स्थावर मिळकतीस ती जेथे असेल तेथील कायदा लागू होतो, हे तत्त्व आज कायद्याचा विद्यार्थी पहिल्या दोन-तीन वर्षांतच पाठ करतो. बाईंस ते कोणी शिकविले नव्हते. काशीच्या घाटावर आपला शिपाई चालणार नाही, तेथे कोणी ओवरी बळकावली तर आपल्या कचेरीत फिर्याद ऐकता येणार नाही, हे त्या पुरते ओळखून होत्या, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. मग सत्तेवाचून मिळकत राखावयाची कशी?

सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तान्तात याचे वर्णन आहे. हा मनुष्य होळकरांचा पराभव करणाऱ्यांपैकी. स्तुती करण्याचे त्यास कारण नव्हते. तो सांगतो की, बाईंनी या दूरदूरच्या क्षेत्री नुसत्या इमारती बांधल्या नाहीत, तर तेथे कायमची माणसे नेमली आणि दरसाल धर्मादायाची रक्कम पाठविली. दक्षिणेतील देवांच्या अभिषेकासाठी गंगेचे पाणीही पाठविले जाई. माझ्या मते खरी मेख येथे आहे. गंगाजल घेऊन जाणारा मनुष्य पुण्यकर्म करीत होता यात शंका नाही; परंतु तो तेथे जात होता, देऊळ पाहत होता, पुजाऱ्याशी बोलत होता आणि परत येत होता. ज्या घरी बाहेरचा मनुष्य नेमाने येतो त्या घराची ओवरी बळकावण्यास शेजारी जरा कचरतो. माल्कमच्याच पुस्तकात अशी नोंद आहे की, १८१८ मध्ये केदारनाथाकडे गेलेल्या एका इंग्रज कप्तानास डोंगरात, वर्दळीपासून दूर, बाईंची दगडी धर्मशाळा आणि कुंड आढळले. बाईंस जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती, आणि तरी तेथील लोकांच्या तोंडी त्यांचे नाव होते.

त्याच १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांनी सोडला. चांदवडचा रंगमहाल राहिला तेथेच, भोवतालचा अंमल मात्र इंग्रजांचा झाला. म्हणजे घर हलले नाही, सरहद्द हलली, आणि घरधनी बसल्या जागी परदेशस्थ झाला. फाळणीच्या काळी हे दुःख लाखो लोकांनी भोगले. होळकरांच्या वाट्यास ते लवकर आले, आणि त्या मानाने पुष्कळच सौम्य.

याच घराण्याचे दुसरे एक परदेशी घर आहे. त्याची कथा थोडक्यात आटोपते, कारण ते घरच थोडक्यात आटोपले. १९२५ च्या बावला खून प्रकरणानंतर तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि पुढील आयुष्याचा बराच काळ फ्रान्समध्ये घालविला. पॅरिसजवळच्या साँ-जर्मेन-आं-ले या गावी एनमाँ नावाचा प्रासाद त्यांच्या मालकीचा होता. पुढे महायुद्ध आले. जर्मनांच्या पश्चिम आघाडीचे मुख्य ठाणे त्याच गावी पडले. युद्धानंतर, १९५२ पासून, त्या प्रासादाच्या आवारात आंतरराष्ट्रीय शाळा भरू लागली, ती आजही भरते. तुकोजीराव १९७८ मध्ये पॅरिस येथे वारले. ऐश्वर्यात हे घर काशीच्या कोणत्याही धर्मशाळेपेक्षा शतपट मोठे. परंतु त्याच्यामागे ना गावे लावून दिलेली, ना कोणी पिढीजात पुजारी. एका माणसाच्या राहण्यासाठी घेतलेले घर त्या माणसाबरोबरच संपले. मी यास दोष देत नाही. राहते घर असेच असते.

खासगीचे काय झाले, हे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या करारात असे ठरले की, खासगीच्या मिळकती आणि तिचे उत्पन्न नव्या सरकारकडे जावे आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये, यावच्चंद्रदिवाकरौ, या धर्मकार्यासाठी बाजूस काढावेत. त्याप्रमाणे १९६२ मध्ये खासगीचा ट्रस्ट झाला. त्याच्या यादीत देशभरच्या २४६ मिळकती आहेत.

करार लिहिणारे चतुर होते, प्रामाणिकही असतील. पण त्यांनी एक गोष्ट केली, ती माझ्यातल्या वकिलास आजही खुपते. गावांच्या वसुलाच्या जागी त्यांनी आकडा घातला. जमिनीचे उत्पन्न धान्याच्या भावाबरोबर चढते; कराराच्या कागदावरचा आकडा चढत नाही. आज ती रक्कम २४६ मिळकतींत सारखी वाटली, तर एकेकीस वर्षाला बाराशेहून कमी, म्हणजे महिन्यास शंभर रुपयांच्या आतच येतात. अशी सरसकट वाटणी कोणी करीत नाही हे मी जाणतो. अंदाज यावा म्हणून हा हिशेब मांडला. शंभर रुपयांत घाटाच्या एका पायरीचा चुनादेखील होत नाही. 'यावच्चंद्रदिवाकरौ' हा शब्द आमच्या दस्तऐवजांतला मोठा भारदस्त शब्द आहे, परंतु रुपया चंद्रसूर्यांच्या चालीने चालत नाही.

पुढे १९७२ च्या पुरवणी दस्ताने विश्वस्तांनी मिळकती विकण्याची मुभा घेतली. काही विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून तक्रारी झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये मिळकती शासनाच्या ठरविल्या. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला: मिळकती ट्रस्टच्याच, मात्र ट्रस्ट सार्वजनिक आहे, त्यास १९५१ चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे, त्याने नोंदणी करावी, रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीवाचून विक्री करू नये, आणि झालेल्या विक्रींची रजिस्ट्रारने चौकशी करावी. निकाल मला योग्य वाटतो. मालक कोण, हे त्याने ठरविले. माझ्या काकांचा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो.

वाटण्या झाल्या की हा प्रश्न सुटतो, असे कोणी म्हणेल. त्यांनी गोमंतकाकडे पाहावे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा तेथे अद्याप चालू आहे. मुलांचा अर्धा हिस्सा कोणासही मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही, नवराबायकोची मिळकत बहुधा सामाईक. न्यायाच्या दृष्टीने व्यवस्था उत्तम. परिणाम असा की, साष्टीतल्या किंवा बार्देशातल्या एका जुन्या घराच्या कागदावर वीस-पंचवीस नावे असतात. एक लिस्बनला, एक नैरोबीला, दोघे मुंबईत. सर्वांच्या सह्या जमेपर्यंत पावसाळे थांबत नाहीत. प्रत्येकाचा हक्क शाबूत, आणि माजघरात पाणी.

काका पुन्हा आले ते अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. दाव्याचा मसुदा मी तयार ठेवला होता. तो त्यांनी बाजूस सारला आणि खिशातून एक पत्र काढले. पुतण्यास लिहिलेले. नमुना आठवर दोघांची नावे घालावीस. मोबदल्यात पडवी व मागील परस तुझ्या एकट्याच्या, आणि घराभोवतालच्या आमच्या हिश्श्याच्या सात कलमांचे उत्पन्न दरसाल शाकारणीस लावावेस. आंबे विकले गेले की हिशेब कळवावास, पैसे पाठवू नयेस. मजकूर कायद्यात बसतो का, एवढेच त्यांस विचारावयाचे होते.

मी म्हणालो, बसतो. पण याचे नोंदलेले वाटपपत्र करून घेतले पाहिजे, आणि कलमांचा मुद्दा त्यात स्पष्ट लिहिला पाहिजे, आकडा न घालता.

"आकडा मी घातलेलाच नाही," ते म्हणाले, आणि पेटी उचलून गेले. यंदा वळिवाच्या आधी कौले चाळून झाली, असे पुतण्याचे पत्र आले आहे.