दुखरा खांदा कोणत्या वहीत लिहिलाय?

समजा, तुम्हाला पीएचडीसाठी असा विषय मिळाला: अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत खांद्याच्या नेहमीच्या विकारांवर लोक कुठे उपचार घेतात आणि त्यांचा त्यावर किती खर्च होतो. विषय साधा वाटतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही सरकारी आकडे शोधायला बसाल. आकडे मिळतीलही, भरपूर मिळतील. फक्त त्यात खांदा सापडणार नाही.

विज्ञान शाखेतली आपण मंडळी इतिहास म्हणजे थिसिसच्या पहिल्या प्रकरणातली दोन पानं समजतो. या विषयात तेवढ्यावर भागत नाही. आज जी माहिती हाताशी आहे ती कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी गोळा करायला सुरुवात केली होती. त्या वेळी खांदा का सुटला हे कळल्याशिवाय तुमचा आकडा कशाचा आहे, हेच सांगता येणार नाही.

आधी नावापासून. हात वर होत नाही, केस विंचरता येत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. आयुर्वेदात तिला अवबाहुक म्हटलंय. आपल्याकडे लोक 'खांदा धरला', 'खांदा जखडला' म्हणतात, किंवा नुसतं 'वात आलाय'. युरोपात १८७२ साली दुप्ले या फ्रेंच सर्जनने सांध्याभोवतीच्या सुजेचं म्हणून या दुखण्याला एक सामाईक नाव दिलं आणि पुढे कितीतरी वर्षं खांद्याचं जवळजवळ सगळं त्याच पोत्यात भरलं गेलं. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने ते पोतं उकललं. स्नायूचा कंडरा फाटलाय तो रुग्ण वेगळा आणि सांधाच आखडलाय तो वेगळा, हे त्याने दाखवलं. 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्याच्याच १९३४ च्या पुस्तकातून रूढ झालं. १९४५ मध्ये नेव्हियासरने सांध्याचं आवरण चिकटतं हे दाखवून त्याला आणखी एक नाव दिलं. आज आयसीडी-१० मध्ये या सगळ्यांना एम-७५ हा गट आहे आणि त्यात आखडलेला खांदा, कंडऱ्याचे विकार, कॅल्शियम साठणं असे वेगवेगळे उपक्रमांक आहेत. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये मात्र 'शोल्डर पेन' एवढंच लिहिलेलं असलं, तर त्यातून तुम्हाला यातला एकही उपक्रमांक परत काढता येत नाही.

कॉडमनकडे जरा थांबूया, कारण खर्चाच्या अभ्यासाशी त्याचा थेट संबंध आहे. त्याचं म्हणणं असं होतं की प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा आणि वर्षभराने त्याला पुन्हा बोलावून उपचाराचा शेवट काय झाला ते लिहा. आज हे सरळ वाटतं. त्या काळी मोठ्या डॉक्टरांना ते झोंबलं. १९१५ साली एका सभेत त्याने वरिष्ठांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र लावलं आणि त्याची मोठी किंमत मोजली. तरी आपल्या छोट्या खासगी रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका झाल्याचं स्वतःच नोंदवलं. इतका प्रामाणिक तक्ता मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या कार्डामागचा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असायलाच हवा: पैसे गेले, पण हात वर गेला का?

आता वऱ्हाडात या. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि या भागात कापसाच्या बाजारपेठा, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढत गेले. पक्क्या दाबलेल्या गाठीचं वजन ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो. ती एकट्याने उचलायची वस्तू नव्हेच. पण गाठ होईपर्यंत कापूस शेतातून गाडीत, गाडीतून जिनात आणि जिनातून प्रेसमध्ये माणसांच्या हातांनी आणि खांद्यांनीच जायचा. खांदे दुखत होते यात शंका नाही. प्रश्न असा की ते कुणाच्या वहीत आले?

पहिली वही १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. मात्र तिचा पाया अपघात हा होता. व्यवसायजन्य रोगांच्या सुरुवातीच्या यादीत अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा असे मोजके आजार होते. दहा वर्षं ओझी वाहून झिजलेला कंडरा अपघातही नव्हता आणि यादीतला रोगही नव्हता. या कायद्याचं पुढे सुधारलेलं पहिलं परिशिष्ट उघडून बघा. खांद्याच्या सांध्यातून हात कापावा लागला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान ९० टक्के. खांद्याखाली कापला आणि खांद्याच्या टोकापासून उरलेला भाग २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर ८० टक्के. ही विचित्र संख्या म्हणजे जुने आठ इंच. कापलेला हात इतक्या बारकाईने मोजला गेला. शाबूत असलेल्या पण वर न होणाऱ्या हाताला त्या तक्त्यात ओळ नाही. यादीबाहेरच्या दुखापतीची टक्केवारी डॉक्टरने ठरवायची वाट कायद्यात होती, पण तिच्यावर पाऊल टाकायला आधी दुखापत सिद्ध करावी लागायची.

दुसरी वही १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची. मला यातला सर्वांत बोलका तपशील हाच वाटतो. हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना कायद्यात उद्योगांची नावंच दिली होती. नीळ, लाख, चहा, साखर ही पुढे येतात. यादीची सुरुवातच कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग यांनी होते. म्हणजे योजना लागू असलेल्या भागात गिरणीत सूत काढणारा कामगार विम्यात येऊ शकत होता, पण त्याच कापसाची सरकी वेगळी करणारा मजूर नाही. वऱ्हाडात ज्या उद्योगाने सर्वाधिक खांदे राबवले त्यांतला एक असा कलमानेच बाहेर राहिला. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. मजुरीवर लेव्ही, मंडळ, भविष्य निर्वाह निधी असं बरंच काही त्याने दिलं. पण त्याचा लाभ मंडळात नोंद झालेल्यांना. शेतातली वेचणारी बाई तिथेही नाही.

तिसरी वही आपल्या आठवणीतली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होतं, अकोला नव्हतं. अकोल्यात ती राज्याच्या उरलेल्या भागाबरोबर २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे, ठरलेल्या ९७१ प्रकारचे उपचार तेव्हा मोफत होते. २०१७ पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालते.

संख्याशास्त्र थोडं जरी शिकला असाल तर एव्हाना तुमचे डोळे चमकले असतील. शेजारचे दोन जिल्हे, एकच पीक, एकच बोली आणि योजनेत सोळा महिन्यांचं अंतर. आधीचा फरक, नंतरचा फरक आणि त्या दोन फरकांमधला फरक काढला की झालं! मोह चांगला आहे, पण दोन गोष्टी आधी बघा. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीत तेव्हा पंजाबराव देशमुखांच्या नावाचं खासगी महाविद्यालय होतं. म्हणजे योजनेआधीसुद्धा दोन्हीकडच्या रुग्णासमोरचे पर्याय सारखे नव्हते. शिवाय दर्यापूर अमरावती जिल्ह्यात असलं तरी तिथल्या माणसाला अकोला परकं नाही. त्याचं रेशनकार्ड एका जिल्ह्याचं आणि डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्याचा असू शकतो. तुम्ही त्याला कुठे मोजणार?

याहून मोठी अडचण योजनेच्या रचनेतच आहे. ती रुग्णालयात भरती होण्याभोवती उभी आहे. आखडलेल्या खांद्याचे बहुतेक रुग्ण भरती होतच नाहीत. दुखणं साधारण चाळिशी ते साठीच्या दरम्यान येतं, मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतं, आणि वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त रेंगाळतं. खर्च होतो तो तपासणी फी, एक्स-रे, कधी एमआरआय, गोळ्या, सांध्यातलं इंजेक्शन, फिजिओथेरपीच्या फेऱ्या आणि एसटीचं भाडं यांवर. एकेक रक्कम लहान. योजनेच्या आकड्यांवरून खांद्याचा खर्च काढलात तर तुम्हाला शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल आणि त्याला तुम्ही दुखण्याचा खर्च म्हणाल.

मग राष्ट्रीय नमुना पाहणी वापरू, असं तुमचे गाईड सुचवतील. २०१७-१८ ची ७५ वी फेरी आरोग्यावर आहे आणि ती उत्तम आहे. पण भरती न झालेल्या आजारांसाठी ती मागच्या पंधरा दिवसांचं विचारते. दीड वर्षाच्या दुखण्यातला पंधरा दिवसांचा तुकडा हाती येतो. त्या पंधरवड्यात फक्त तेल चोळलं असेल, तर एमआरआयचे पैसे केव्हाच मागे पडलेले असतात. आणि आजाराच्या यादीत सांध्यांचं दुखणं एकत्रच आहे. खांदा तिथे गुडघ्याच्या सावलीत बसलाय.

तेव्हा गावात जावंच लागेल आणि प्रश्न नीट घडवावे लागतील. 'डॉक्टरकडे गेलात का?' असं विचारलंत तर 'नाही' येईल, आणि त्याच माणसाने हाडवैदाकडे तीन चकरा मारलेल्या असतील. अमरावतीला तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. कुस्ती, मल्लखांब अंगात मुरलेल्या गावात निखळलेला खांदा आधी कुणाला दाखवायचा याचे लोकांचे स्वतःचे ठाम संकेत असतात. ते अडाणीपणाच्या रकान्यात टाकू नका, खर्चाच्या रकान्यात घ्या.

बुडालेल्या मजुरीचंही तसंच. पुस्तकातलं सूत्र सांगतं, कामाचे किती दिवस बुडाले त्याला रोजाने गुणा. कापूस वेचणीची मजुरी बहुतेक किलोवर मिळते. खांदा दुखतोय म्हणून बाई घरी बसत नाही, ती जाते आणि कमी वेचते. तुमच्या तक्त्यात बुडालेले दिवस शून्य, तिच्या हातात मात्र दर संध्याकाळी कमी पैसे. फवारणी करणाऱ्याचं गणित आणखी निराळं: सोळा लिटरचा पंप खांद्यांवर अडकवून तो दिवसभर फिरतो, आणि दुखतंय म्हणून दोन दिवस थांबला तर नुकसान मजुरीचं नाही, पिकाचं होतं.

म्हणून मुलाखतींचा महिनाही ठरवून घ्या. ऐन वेचणीत, दिवाळीच्या आसपास गेलात तर किलोचा हिशेब तिच्या तोंडावर असेल, पण बोलायला वेळ नसेल. मार्चमध्ये वेळ असेल, तेव्हा 'मागच्या वर्षी किती वेचायच्या आणि यंदा किती?' असं विचारा, आणि उत्तर देताना ती कोणता हात हलवते तेही टिपून ठेवा.